आरोग्यचिंतन : थेंबातील निरोप

भगिनींनो, सूक्ष्म-आरएनए हे जनुकांच्या कार्याला लगाम घालणारे इवले रेणू. १९९३ साली ते एका चिमुकल्या कृमीत प्रथम आढळले. २०२४ साली त्या शोधास नोबेल पारितोषिक लाभले. रक्तात व लाळेतही ते टिकतात आणि स्तनाच्या कर्करोगात त्यांचे प्रमाण पालटते. म्हणून थेंबभर रक्तावरून रोग ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत; परंतु ती तपासणी अद्याप नित्याची झालेली नाही.

तोवर थांबावे काय? मुंबईच्या टाटा रुग्णालयाने दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. शिकविलेल्या सेविकांनी नुसत्या हातांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

तेव्हा रियाधमध्ये गाठ हाताला लागली, तर ‘सुट्टीत गावी गेल्यावर दाखवू’ असे कृपया म्हणू नका.