चालींमागचे आनंदघन

भोरच्या राजवाड्यात चित्रीकरण लागलं की नट पाहायला गर्दी लोटते. संगीतकार मात्र आपल्याला नावापुरताच ठाऊक असतो. म्हणून हा अंक ‘आनंदघन’ यांच्यावर.

आनंदघन म्हणजे खुद्द लता मंगेशकर! भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’पासून (१९६३) ‘तांबडी माती’पर्यंत (१९६९) चार चित्रपटांना त्यांनी या नावाने संगीत दिलं. ‘साधी माणसं’मधल्या लोहाराच्या गाण्यात तर ऐरणीवरचा घाव हाच ठेका होतो. या चित्रपटाच्या संगीताला राज्य पुरस्कारही मिळाला.

गायिका लताबाईंवर उदंड लिहिलं गेलं. आम्ही त्यांच्यातल्या संगीतकाराकडे वळलो आहोत. राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या वाचकांनो, ही गाणी तुमच्या गावात कुठे, कशी ऐकलीत? जरूर कळवा.