विश्लेषण : सशाचा कान दुखतोय, मग घरातली गोळी का घातक?

दोन-तीन दिवस ससा मान झटकत राहतो, मागच्या पायाने कान खाजवतो आणि मग एक कान खाली पाडून कोपऱ्यात बसून राहतो. कान उलटून पाहिला तर आत पिवळसर-तपकिरी खपल्यांचे थर दिसतात. अशा वेळी हात जातो तो घरातल्या औषधांच्या डब्याकडे. मुलाच्या घशासाठी आणलेल्या अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या दोन गोळ्या उरलेल्या असतात. सशाच्या जिवाला खरा धोका त्या खपलीपेक्षा या गोळीचा असतो.

कानात नेमके काय होते?

बहुतेक वेळा ती कानातली खरूज असते. सोरोप्टिस क्युनिक्युली नावाचा बारीक माइट कानाच्या त्वचेवर जगतो. त्याने खाज सुटते, स्राव येतो आणि तो वाळून खपली धरते. ही खपली ओढून काढू नये. खालची त्वचा सोलवटते, वेदना असह्य होतात. माइट मेले की खपली आपोआप गळते.

जिवाणूंचा संसर्ग वेगळा. सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो. कानात थेंब टाकून तो वाहून जात नाही. संसर्ग पडद्यापलीकडे, अंतर्कर्णापर्यंत गेला की डोके एका बाजूला कलते, ससा गोल फिरतो, लोळतो. मग उपचार कित्येक आठवडे चालतात. पडदा फाटलेला असेल तर कानात ओतलेले कडुनिंबाचे वा कुठलेही तेल थेट आत उतरते. शिवाय मान कलली म्हणजे कानच बिघडला, असेही नाही. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवी मेंदूवर हल्ला करतो तेव्हाही हेच लक्षण दिसते आणि त्याचे औषध पूर्णपणे निराळे आहे. फोनवर व्हिडिओ पाहून हा फरक कळत नाही.

माणसाला चालते ते सशाला का चालत नाही?

ससा गवत पचवतो ते सीकम या आतड्याच्या मोठ्या पिशवीतल्या जिवाणूंच्या जोरावर. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे तोंडावाटे दिली की हे उपयोगी जिवाणू मरतात. त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम वाढतो, त्याचे विष रक्तात भिनते, जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा जातो. घरच्यांना वाटते, कानाच्या दुखण्याने गेला. तोच धोका कुत्र्याच्या पिसवांसाठी मिळणाऱ्या फिप्रोनिलच्या फवाऱ्याचा. कुत्र्याला चालणारे हे औषध सशाला विषारी ठरते.

त्यासाठी नागपूर गाठावेच लागते का?

प्रत्येक वेळी नाही. जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने गाय, बैल, शेळ्यांसाठी उभे राहिले. तिथे ससा घेऊन गेलेला माणूस जरा ओशाळूनच रांगेत उभा राहतो. पण शेळीच्या खरजेवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिनच सशाच्या कानातल्या माइटवर चालते. अडचण मात्रेची आहे. जनावरांच्या 1 टक्का इंजेक्शनमध्ये प्रति मिली 10 मिलिग्रॅम औषध असते. सशाला प्रति किलो साधारण 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम लागते. म्हणजे दीड किलोच्या सशाला 0.03 ते 0.06 मिली, जेमतेम एक थेंब! हे गणित घरी करून पाहण्यासाठी नाही. वजनकाटा आणि इन्सुलिनची बारीक सिरिंज डॉक्टरांच्याच हाती हवी. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा डोस लागतो. घरातल्या सगळ्या सशांना तो द्यावा लागतो आणि पिंजऱ्यातले कुटार, गोणपाट टाकून द्यावे लागते, कारण पोषक हवेत माइट सशाविना सुमारे 3 आठवडे तग धरतो.

तेव्हा साध्या खरजेसाठी तालुक्याच्या दवाखान्यातून ससा परत पाठवण्याचे कारण नाही. मान कललेला, पू झालेला ससा मात्र नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावा. 1958 पासूनचे हे महाविद्यालय यवतमाळहून सुमारे 150 किलोमीटरवर आहे. पुसद-उमरखेडहून अंतर आणखी बरेच वाढते.

विक्रेत्याची जबाबदारी काय?

2018 च्या पाळीव प्राणी दुकान नियमांत कुत्रा-मांजरांबरोबर सशाचे नावही आहे आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. टोपलीत पिले ठेवून विकणाऱ्याला यातले काही विचारणार कोण? किमान सशासोबत चार ओळींची चिठ्ठी देण्याची सक्ती तरी व्हावी. कोणती औषधे द्यायची नाहीत, एवढे त्यात असले तरी बरेच जीव वाचतील.

प्रवासात काय सांभाळावे?

सशाला उलटी होत नाही, त्यामुळे डॉक्टरकडे नेताना उपाशी ठेवण्याची गरज नाही. उलट 10-12 तास पोटात काही गेले नाही तर आतडी थंडावतात, म्हणून सोबत हरळी, वाळले गवत असावे. ससा अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो आणि दुखरा कान घेऊन यवतमाळच्या मे महिन्यात 42-43 अंशांत एसटीचा प्रवास त्याला झेपत नाही. पहाटेची गाडी धरावी, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळावी आणि पिंजऱ्यात एका कडेला ठेवावी. ससा स्वतःच तिला टेकून बसतो.