पावलांचा हिशेब

गेल्या दिवाळीला आमच्या थोरल्या चिरंजीवांनीं घरांत चार मनगटी पट्टे आणले. दिवसभरांत पावलें किती पडलीं तें हे पट्टे मोजतात, आणि रात्रीं सर्वांचे आंकडे मोबाईलवर एकाखालीं एक दिसतात. आमचा आंकडा बहुधा सर्वांत वर असे. धाकट्या सूनबाईंचा अगदीं तळाला. एके रात्रीं पानावर बसलों असतां आम्ही सहज बोलून गेलों, "सूनबाई, थोडें चालत जा. तरुणपणीं बसून राहणें बरें नव्हे." त्या कांहीं बोलल्या नाहींत, भात वाढून आंत गेल्या. आमच्या कुटुंबानें मात्र विचारलें, "पहांटेपासून जी उभी आहे, तिला तुम्ही चाल म्हणतां?"

प्रश्न बोंचला. उभा जन्म परीक्षा घेण्यांत गेलेला; तेव्हां दुसरे दिवशीं पट्ट्याचीच परीक्षा घेण्याचें ठरविलें. साधन जपमाळेचें. सर्वेक्षण खात्याचे पंडित नैनसिंह रावत 1865 सालीं निघून ल्हासेस गेले, ते असेच माळेवर पावलें मोजीत. त्यांची माळ 108 ऐवजीं 100 मण्यांची होती, व दर शंभर पावलांस ते एक मणी ओढीत. आम्हीं दहा पावलांस एक मणी धरून, बुधगांवच्या रस्त्यावर 500 पावलें हात मोकळे सोडून टाकलीं. पट्ट्यानें 494 दाखविलीं. तक्रारीस जागा नव्हती. मग नातीची बाबागाडी दोन्ही हातांनीं ढकलीत तेवढींच पावलें चाललों. पट्ट्यावर भरलीं 71! खिशांतील मोबाईलनें मात्र 488 सांगितलीं. सायंकाळीं भजनांत बसल्या जागीं टाळ्या वाजविल्या, तेव्हां दोनशेंच्या वर पावलें आमच्या खातीं फुकट जमा झालीं.

कारण उघड आहे. पट्ट्यांतील सूक्ष्म संवेदक हालचालीच्या वेगांतील फेरफार टिपतो. त्याला पाय दिसत नाहींत. हाताचा झोकाच तो चालणें समजतो. शिवाय पुष्कळशीं यंत्रें कांहीं पावलें सलग पडल्यावांचून मोजणी सुरूच करीत नाहींत. ओट्यापासून फडताळापर्यंत चार पावलें, तेथून देवघरापर्यंत सहा, अशी दिवसभराची ये-जा मग कोठल्याच हिशेबांत येत नाहीं. सूनबाई रोज सायंकाळीं बाबागाडी घेऊन जातात, तीहि वाट अशीच बुडाली होती.

ज्यांस खरा आंकडा हवा, त्यांनीं पट्टा कमी वापराच्या हातांत बांधावा व तो कोणता हात तें मोबाईलमध्यें नोंदवावें. हात गुंतलेले असतील तेव्हां मोबाईल कमरेजवळ घट्ट ठेवावा. लुगड्याला खिसा नसतो, हें यंत्र करणारांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. कमरेची लहान पिशवी शिवून घ्यावी. अंतर हवें असेल तर मोजलेल्या 100 मीटरांत आपलीं पावलें किती पडतात तें पाहावें. 150 पडल्यास एक पाऊल सुमारें 67 सेंटिमीटरांचें. तेंच माप यंत्रास द्यावें. पट्टा व मोबाईल दोहोंची बेरीज होत नाहीं ना, हेंहि एकदां तपासावें. दहा हजारांच्या आंकड्याचा फार धाक नको. 1965 सालीं जपानांत विकावयास आलेल्या एका पाऊलमापकाच्या नांवांतच तो होता, आणि तेथूनच तो जगभर पसरला.

आठ दिवस सूनबाईंनीं मोबाईल कमरेच्या पिशवींत ठेवला. त्यांचा आंकडा रोज आमच्या पुढें गेला. रविवारीं सर्वांच्या देखत आम्हीं आपलें बोलणें परत घेतलें व पट्टा आतां कसा बांधावा तें सांगूं लागलों.

"मामंजी," त्या म्हणाल्या, "कणीक मळतांना तो काढावाच लागतो. पुन्हां बांधायचें दुपारपर्यंत आठवत नाहीं."