लॉटमधल्या पटाश्या

तळोजा, पाताळगंगा, रसायनी या पट्ट्यात कारखाना बंद पडणे नवे नाही. रसायनीचा हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा प्रकल्प बंद करण्याचा निर्णय केंद्राने 2017 साली घेतला. लहान युनिटे तर गाजावाजा न होताच मिटतात. मग बँकेचा किंवा एमएसटीसी या सरकारी कंपनीचा लिलाव निघतो, कधी एखादी आयटीआय जुनी यंत्रे निर्लेखित करते. जाहिरातीत ‘किरकोळ यंत्रसामग्री, एक लॉट’ एवढेच असते. पॅटर्नशॉपचा लेथ, चक, खोकेभर गंजक्या पटाश्या, सगळे त्यातच. ही जाहिरात भंगारवाला वाचतो, कातारी वाचत नाही. म्हणून चांगला बिडाचा बेड किलोच्या भावाने भट्टीत जातो.

पनवेलकर कातारींनी तरी अशा लिलावांत मागे राहू नये. जुन्या गॅझेटियरांनी गाडीची चाके हा पनवेलचा मुख्य धंदा म्हणून नोंदवला आहे, आणि चाकाचा तुंबा कातल्याशिवाय होत नाही.

पाहणीचा दिवस चुकवू नका. विक्री ‘जिथे आहे, जसे आहे’ या अटीवर असते. नंतरची तक्रार कोणी ऐकत नाही. पटाशीची मूठ पाहण्यात वेळ घालवू नये, ती बदलता येते. गोल पटाशी हातात घेऊन आतली पन्हळ उजेडात धरा. बाहेरच्या अंगाचा गंज सहाणेवर निघून जातो, पण पन्हळीत खड्डे पडले असतील तर पटाशी सोडून द्या. धार पन्हळीच्या कडेलाच तयार होते, त्यामुळे प्रत्येक खड्डा धारेत दाता होऊन उतरतो आणि लाकडावर रेघ मारतो. टोक निळे पडलेले दिसले तर पोलाद कोणते ते पाहा. साध्या कार्बन पोलादाचे पाणी तिथे उतरलेले असते. निळा भाग घासून काढला की मागचे पोलाद बहुधा शाबूत मिळते. हायस्पीड स्टीलला तो रंग बाधत नाही. शिक्का पुसला असेल तर ग्राइंडरवर टेकवून बघा, अर्थात परवानगी घेऊन: कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या आणि फुलणाऱ्या, हायस्पीडच्या तांबूस आणि मोजक्या. सॉर्बी, मार्पल्स अशी शेफील्डची नावे दिसली की बोली चढते; नावापेक्षा पाते किती उरले आहे ते मोजावे.

लेथच्या दोन्ही सेंटरची टोके एकमेकांना भिडवून पाहा. स्पिंडल हाताने हलवा, खेळ लागला तर बेअरिंगचा खर्च धरा. स्पिंडलचे आटे अनोळखी असतील तर चक मिळवता मिळवता जीव मेटाकुटीला येतो. कारखान्याची मोटर थ्री-फेज असते. घरच्या सिंगल फेजवर ड्राइव्ह बसवता येतो, पण मोटर डेल्टा जोडणीत 230 व्होल्टवर चालते का, हे नेमप्लेटवर आधी वाचा.

बोलीचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. त्यावर जीएसटी, क्रेन, हमाली, टेम्पो, आणि मुदतीत माल उचलला नाही तर जागेचे भाडे. एवढे करून नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त रक्कम होत असेल, तर आमच्या मते हात आवरावा.

अख्खा लॉट एकट्याला पेलत नाही, ही खरी अडचण. चौघांनी मिळून एकाच्या नावाने उघडपणे घ्यावा आणि मागाहून वाटून घ्यावा. मात्र इतर बोलीदारांशी संगनमत करून भाव पाडणे निराळे. स्पर्धा कायदा 2002 खाली ते बेकायदा ठरते, असे समजून चालावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे लाकूडकामाच्या हत्यारांचा वेगळा लॉट मागणे. विक्रेत्यालाही त्यात किलोपेक्षा बरा भाव मिळतो. तसा अर्ज लेखी द्या आणि पाहणीच्या आधीच द्या; बोली सुरू झाली की लॉट फुटत नाही.