वारणेच्या संगणकापासून ई-पीक पाहणीपर्यंत

सातबाऱ्यावर पिकाची नोंद नाही म्हणून हमीभाव केंद्रावर सोयाबीनची नोंदणी अडली, अशी तक्रार तुम्हीही ऐकली असेल. "मी ॲपवर भरले होते" हे उत्तर तिथे चालत नाही. ही जबाबदारी आपल्याकडे कशी आली, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995 रोजी खुले झाले. तीनच वर्षांत, 1998 मध्ये, वारणानगर परिसरातील सुमारे 70 गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आला. बाजारभाव, पीक सल्ला, योजना सगळे एका ठिकाणी मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी केंद्रावर जात ते मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी: वजन किती भरले, खताचे परमिट निघाले का. पुढे काही गावांत हीच माहिती मोबाईलवर एसएमएसने देऊन पाहिली, तर तेवढ्यावरही काम भागले. पैशाशी थेट संबंध असलेलेच टिकले, यात नवल नाही. पण केंद्रावर चालक बसलेला असे. आकडा चुकला तर विचारायला समोर माणूस होता.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या हातचे काम आपल्या मोबाईलवर आले. हा बदल आमच्या मते योग्यच आहे. बांधावर न येता मागची नोंद पुढे ओढली जाते, ही आपलीच जुनी तक्रार होती. मात्र आता चुकले तर भुर्दंडही आपल्यालाच. विमा, नुकसानभरपाई, खरेदी, सगळीकडे ही नोंद पाहिली जाते.

म्हणून फोटो शेतात उभे राहूनच काढा. रेंज नसेल तर माहिती फोनमध्येच राहते; घरी आल्यावर अपलोड झाली का, ते पाहा. काही दिवसांनी सातबारा उघडून पीक आणि क्षेत्र तपासा. आंतरपीक असेल तर तेही.

कृषी विभागाच्या क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोन नसलेल्या खातेदारांची यादी हंगामाच्या सुरुवातीलाच करावी. शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर राहिलेल्या क्षेत्रासाठी गावात सहायक नेमलेले असतात. तुमच्या गावचा सहायक कोण, हे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे आजच विचारून ठेवा.