पातळी सोडलेला सूर

इलेक्ट्रिक गिटार ध्वनिमुद्रित करताना पातळी किती ठेवावी, हा प्रश्न साहित्यचर्चेत आणल्याबद्दल आम्ही दिलगिरी व्यक्त करणार नाही. दिलगिरी हवीच असेल तर ती आजवर तो न आणल्याबद्दल हवी. रॉक संगीताविषयी आपल्याकडे जे काही गंभीरपणे लिहिले जाते, त्यात गीतांचे शब्द उद्धृत होतात, त्यांतला विद्रोह शोधला जातो, साठच्या दशकाची पार्श्वभूमी रंगवली जाते. आणि ज्या नादासाठी ते गाणे मुळात ऐकले जाते, त्याची बोळवण ‘तांत्रिक अंग’ एवढ्या दोन शब्दांत होते. पण या संगीताची संहिता कागदावर नसते, ध्वनिमुद्रणात असते. आणि तिचा पहिला संपादक म्हणजे पातळीची कळ फिरवणारा हात. पाठचिकित्सेचे महत्त्व शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी याच हाताकडे काणाडोळा करावा, हे आम्हाला मान्य नाही.

हा हात बहुधा एका समजुतीवर चालतो. मीटरचा काटा लाल रेषेला जितका खेटेल तितके ध्वनिमुद्रण सकस, ही ती समजूत. तिला इतिहास आहे, हे मान्य करू. चुंबकीय फितीला स्वतःची सरसर असे. सूर क्षीण नोंदवला तर तो तीत बुडे, म्हणून पातळी चढी ठेवावी लागे. शिवाय मर्यादा ओलांडली तरी फीत एकदम दगा देत नसे. ती लहरीचे माथे हळूहळू दाबत जाई, आणि ते दाबणे कानाला पुष्कळदा सुखावतही असे. पुढे १६-बिट अंकीय ध्वनिमुद्रण आले. दर बिटाला सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने त्याचा पल्ला सुमारे ९६ डेसिबलांचा. तेव्हाही वरच्या टोकाच्या जवळ राहण्यात थोडाफार अर्थ होता. आज घरगुती यंत्रेही २४-बिट नोंद करतात. कागदावर हा पल्ला १४४ डेसिबलांचा भरतो. प्रत्यक्षात यंत्रांची सर्किटे त्याहून कमी देतात, पण जे देतात तेही गिटारच्या ॲम्प्लिफायरची स्वतःची घरघर टिपून वर जागा उरेल इतके असते. सरासरी पातळी उणे १८ डेसिबलांच्या आसपास आणि शिखरे उणे १० ते उणे ६ यांच्या दरम्यान ठेवली, तर गमावण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे कारण गेले आणि रूढी तेवढी राहिली. अशा रूढीला इतर क्षेत्रांत आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

रूढी निरुपद्रवी असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. अंकीय नोंदीत शून्य डेसिबलांच्या वर आकडाच नाही. लहरीचा माथा तिथवर पोचला की तो सपाट छाटला जातो, आणि छाटलेले परत येत नाही. पोथीच्या कडा सारख्या करताना बाइंडरने समासाबरोबर अक्षरेही कापावीत, तसा हा प्रकार. समास रिकामा दिसतो म्हणून तो वाया गेलेला कागद नव्हे. अक्षरे सुरक्षित राहावीत म्हणून तो सोडलेला असतो. पातळीच्या वर राखलेली जागा हा ध्वनीचा समास आहे. स्वच्छ सुरात वाजणाऱ्या गिटारला तो अधिकच हवा, कारण पिक तारेवर पडते त्या क्षणीचा आघात सरासरीहून पुष्कळ उंच उसळतो आणि मिलिसेकंदांत विरतो. सरासरी दाखवणाऱ्या काट्याला तो दिसतही नाही. ॲम्प्लिफायरमध्ये तापवलेला, विस्फारलेला सूर आधीच दाबला गेलेला असतो, म्हणून त्याचा काटा स्थिर राहतो. दोघांना एकच माप लावणे म्हणजे ओवी आणि आर्या एकाच मात्रागणतीने तपासणे.

याहून मोठी हानी चुकीच्या उपायाने होते. लाल दिवा लागला की वादकाला सांगितले जाते, ‘ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करा.’ इथेच सुराचा पोत मरतो. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यावर भार पडल्यावरच तो पोत जन्माला येतो. ती कळ वाद्याचाच भाग आहे. ध्वनिमुद्रकाची कळ वेगळी. ती सूर घडवण्यासाठी नसते, नोंदवण्यासाठी असते. खाली यायचे असेल तर तिने यावे, किंवा मायक्रोफोन मागे सरकावा. १९६६ साली लंडनच्या डेक्का स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’चे मुद्रण चालू असताना एरिक क्लॅप्टनने नेमका हाच आग्रह धरला. रंगमंचावर वाजवतो त्याच आवाजात मार्शल ॲम्प्लिफायर वाजवीन, मायक्रोफोन हवा तर दूर ठेवा, अशी त्याची भूमिका होती. अशा आवाजाची सवय नसलेले ध्वनिमुद्रक गस डजन प्रथम हादरले होते. पण सूर तसाच नोंदवला गेला, आणि पुढच्या पिढ्यांच्या गिटारवादनाला त्यातून एक मानदंड मिळाला. त्या दिवशी वादकाने नमते घेतले असते, तर गीतांचे शब्द तेच राहिले असते आणि संहिता मात्र वेगळी झाली असती.

यावर एक हुशार आक्षेप येतो. विस्फारलेला, फाटलेला आवाज हाच जर या वाद्याचा प्राण, तर तो मीटरवर आणखी थोडा फाटला म्हणून बिघडले कुठे? लिंक रेने १९५८च्या ‘रम्बल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली, डेव्ह डेव्हिसने १९६४च्या सुमारास स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला, बीटल्सनी १९६८ साली ‘रेव्होल्यूशन’साठी गिटार थेट मिश्रणफलकाला जोडून त्याची सर्किटे मुद्दाम अतिभाराने चिरकवली, हे दाखले पाठ असणाऱ्यांना आमचे उत्तर घरच्याच वाद्यातून आहे. तंबोऱ्याची जवारी हीदेखील एका अर्थी ‘अशुद्धी’च, घोडीवर दोरा सरकवून, कानाने पुन्हा पुन्हा पारखून ती काढावी लागते. म्हणून तडकलेल्या भोपळ्याच्या खडखडाटालाही कोणी जवारी म्हणत नाही. वरचे तिन्ही प्रयोग जवारीचे आहेत. कोणीतरी ते योजले, ऐकले आणि मग स्वीकारले. शिवाय तो विस्फार बोटांच्या दाबाला उत्तर देत राहतो. तार हळू छेडली की तो निवळतो. मीटरच्या छतावर आपटून झालेली छाटणी कोणाच्याही बोटाला ओळखत नाही.

शेवटी ज्याच्या नावाने हे सारे चालते त्या ‘दणदणीत’पणाकडे येऊ. समान लहरीही मोठ्याने ऐकवल्या की खर्ज आणि टीप अधिक भरल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच कानाचा हा स्वभाव मोजून दाखवला. या भ्रमावर बाजार उभा राहिला, आणि २००८ साली मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ आला तेव्हा त्याच गाण्यांची ‘गिटार हीरो’ या खेळातली आवृत्ती अधिक मोकळी वाजते, हे साध्या श्रोत्यांनी ताडले. हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. समीक्षकांच्या आधी श्रोत्यांनी पाठभेद ओळखला, ही आम्हा लिहिणाऱ्यांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे. आता तर ती शर्यतही निरर्थक ठरली. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली ध्वनितीव्रतेचे प्रमाण ठरवून दिले. गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या सेवाही अतिदणदणीत गाणे आपणहून खाली आणतात. मोठेपणा काढून घेतला जातो आणि छाटणी मागे राहते.

आमची मागणी साधी आहे. रॉक संगीतावर प्रबंध लिहिणाऱ्याने एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या समान आवाजात शेजारी ठेवून ऐकाव्यात, आणि शब्दांविषयी बोलण्यापूर्वी आपण कोणत्या पाठाविषयी बोलतो आहोत ते सांगावे. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने सर्वांत जोराचा तुकडा आधी वाजवून घ्यावा, त्यावर समास सोडावा आणि वादकाच्या कळीला हात लावू नये. एवढे झाले तर ‘तांत्रिक अंग’ हे दोन शब्द आपल्या लेखनातून आपोआप गळतील.