विश्लेषण : मेटल डिटेक्टर जुना झाला म्हणून निकामी ठरतो का?

नवी मुंबईत मॉल, स्टेडियम किंवा मोठ्या कार्यालयात शिरताना मेटल डिटेक्टरची चौकट ओलांडावी लागते. खिशात मोबाइल असला की ती वाजते आणि अनेकदा माणूस न थांबता पुढे जातो. विमानतळावर मात्र यंत्र वाजले की थांबावेच लागते. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यावर हा फरक शहराला आणखी जवळून दिसू लागला आहे. मग दारातली जुनी यंत्रे निकामी झाली आहेत का, की अडचण दुसरीकडेच आहे?

यंत्र काम कसे करते?

चौकटीच्या उभ्या खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज सोडली की मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यात धातू आला की धातूतही बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि क्षेत्रात बदल होतो. तो बदल टिपून यंत्र वाजते. नव्या यंत्रांचे तत्त्वही हेच आहे. मात्र त्यांत चौकटीचे अनेक भाग पाडलेले असतात. त्यामुळे वस्तू घोट्याजवळ आहे की कमरेला, हे दिव्यावरून कळते. जुनी साधी चौकट फक्त ‘धातू आहे’ एवढेच सांगते. तो कुठे आहे, हे हातातल्या डिटेक्टरने शोधावे लागते.

१८८१ मध्ये काय घडले होते?

अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना जुलै १८८१ मध्ये गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे हे शोधायला टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी धातू ओळखणारे यंत्र आणले. चाचण्यांत ते चालले होते, पण गारफिल्ड यांच्या बाबतीत अपयशी ठरले. गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ केला आणि डॉक्टरांनी तपासणी शरीराच्या उजव्या बाजूलाच करू दिली. गोळी डावीकडे होती. यंत्र कुठे आणि कसे वापरले जाते, यावर निकाल ठरतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

जुन्या यंत्राकडून चांगले काम कसे करून घ्यावे?

पहिली गोष्ट जागा. लोखंडी शटर, रेलिंग, मोठ्या मोटारी आणि विजेच्या जाड तारा यांपासून चौकट दूर हवी. जमीन सपाट हवी, कारण हलणारी चौकट उगाच वाजते. दोन चौकटी खेटून ठेवल्या तर त्या एकमेकींना त्रास देतात.

दुसरी गोष्ट संवेदनशीलता. ती फार वाढवली तर पट्ट्याच्या बकलालाही यंत्र वाजते आणि फार कमी केली तर चाकूही निसटतो. म्हणून रोज काम सुरू करताना ठरावीक धातूचा तुकडा घोटा, कंबर आणि डोके या उंचीवरून नेऊन चाचणी घ्यावी.

तिसरी गोष्ट शिस्त. मोबाइल आणि किल्ल्या ट्रेमध्ये, एका वेळी एकच माणूस आणि यंत्र वाजले की हातातल्या डिटेक्टरने पुढून-मागून सावकाश तपासणी.

मग अडते कुठे?

गर्दीत. एका माणसाला १० सेकंद दिले तर एका चौकटीतून तासाला ३६० जण जातात. गर्दीच्या वेळी एकच लोकल याहून कितीतरी जास्त प्रवासी फलाटावर उतरवते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, म्हणजे प्रत्येक वेळी आवाज. सतत वाजणाऱ्या यंत्राकडे काही वेळाने कोणीच लक्ष देत नाही आणि खरा धोकाही त्याच आवाजात लपून जातो. अशा ठिकाणी नवे, महागडे यंत्र बसवले तरी एवढ्याने चित्र बदलत नाही.

यंत्राची मर्यादाही ओळखायला हवी. मेटल डिटेक्टर स्फोटके ओळखत नाही, फक्त धातू ओळखतो. बॅगेसाठी एक्स-रे लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सीएसएमटीवर बंदूकधाऱ्यांनी उघड गोळीबार केला. अशा हल्ल्यात नुसत्या आवाजाचा उपयोग नसतो, पुढे सज्ज जवान लागतात.

नागरिकांनी काय करावे?

खिसे आधीच रिकामे करावेत, चौकटीतून एकेकाने जावे आणि यंत्र वाजले तर स्वतःहून थांबावे. विनाकारण होणारा प्रत्येक आवाज टळला की उरलेला आवाज ऐकण्याजोगा होतो. जुन्या यंत्राला खरी गरज आहे ती एवढ्याचीच.